उजवं केलेलं चित्र

४ जुलै

ती. सौ. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र बरंच आहे.

तुमच्या प्रशिक्षण केंद्राकडून आज आमच्या शाळेत पुस्तिकांचा गठ्ठा आला. तिसरी-चौथीच्या भाषेसाठी, ‘चित्र बघू, चित्र बोलू’. मुखपृष्ठावर तुमचं नाव, मागच्या पानावर तुमचा हसरा फोटो. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, “तुमच्या थोरल्या जाऊबाईंनी घराण्याचं नाव काढलं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग वर्गात येऊन पुस्तिका उघडली. पहिलंच चित्र माझ्या वडिलांनी काढलेलं. दुसरं, तिसरं, सगळीच त्यांची. जन्मभर गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडले, आणि मागे पत्र्याचा एक डबाभर स्लाइड ठेवून गेले. त्या एकेक पुसून संगणकात घालायला माझी अख्खी सुट्टी गेली होती. पुढे वाचलं तर ‘आधी बघ, मग बोल, मग ऐक, मग लिही’. प्रोजेक्टर आधी धूसर ठेवायचा, मुलांना अंदाज करू द्यायचा, मग भिंग फिरवून चित्र स्पष्ट करायचं. मुलांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवायचं, म्हणजे स्वतःचं वाक्य लिहायला ती घाबरत नाहीत. हे सगळं मी कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. मग आठवलं, माझ्याच वर्गात.

मार्च महिन्यात तुम्ही राहायला आला होतात. माझ्या टेबलाशी बसून म्हणालात, “बघू तरी काय काय करतेस,” आणि जाताना पेन ड्राइव्हवर सगळं घेतलंत, प्रवासात वाचायला म्हणून. प्रवास लांबचा झाला म्हणायचा.

आभाराचं पानही आहे. प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्यापासून चहा देणाऱ्यापर्यंत सगळे आहेत त्यात. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “घरातलीच म्हणून राहिली असशील.”

फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि भिंतीपलीकडे सासूबाई असतात. कागदावर मी बरी असते. एकच विचारते. चौथं चित्र तुम्ही फिरवलंत का?

तुमची धाकटी


११ जुलै

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं, त्यातले टोमणेही पोचले.

तू रागावशील असं हे म्हणालेच होते. पण जरा थंड डोक्याने विचार कर. तुझ्या फायलीत होतं काय? चित्रं आणि काही प्रश्न. त्याला उद्दिष्टं कुणी लिहिली, मूल्यमापनाचा तक्ता कुणी केला, वरच्या साहेबांच्या मागे लागून छापून कुणी घेतलं? तुझ्याकडे ते कपाटात पडून राहिलं असतं. आभाराच्या पानावर घरच्यांची नावं घातली की वशिलेबाजी वाटते, म्हणून टाळलं. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

चौथ्या चित्राचं विचारलंस. अगं, तू स्लाइड उलटी घातली होतीस. कोपऱ्यातल्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं आरशात बघितल्यासारखी दिसत होती. तसंच छापलं गेलं असतं तर माझी केवढी नाचक्की झाली असती. एक बटण दाबून मी चित्र उजवं केलं. खरं तर तूच माझे आभार मानायला हवेस.

आता कामाचं. २० ऑगस्टला केंद्रात मला आदर्श पाठ द्यायचा आहे, याच पुस्तिकेवर, खऱ्या मुलांना घेऊन. निवड समिती येणार आहे. पाठ चांगला झाला तर केंद्रप्रमुखाची जागा माझी. इथली मुलं अनोळखी माणसांसमोर तोंड उघडत नाहीत. तुझी बोलतात, मी पाहिली आहेत. तुझा वर्ग घेऊन ये. मुलांनी हे मागच्या वर्षी केलंय हे कुणाला सांगायची गरज नाही. पाठ याच वर्षी तयार झाला आणि मुलं तो पहिल्यांदाच बघतायत, असं मी समितीला कळवलं आहे.

घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला एवढी मदत करायला हरकत नसावी.

तुझी मोठी जाऊ


१७ जुलै

ती. सौ. वहिनींस,

नमस्कार. वर्ग घेऊन येते. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, बसचं तेवढं तुम्ही बघा.

मुलांना मी एक अक्षर शिकवून आणणार नाही, हा शब्द देते. तुमच्याच पुस्तिकेत छापलंय, “मुलांना जे दिसतं तेच बोलू द्यावं. शिक्षकाला हवं ते उत्तर त्यांच्या तोंडी घालू नये.” वाक्य आवडलं. माझ्या वर्गाच्या दारावर रंगवलेलं आहे, तुम्ही मार्च महिन्यात त्याच दारातून आत आला होतात.

चित्र उजवं केलंत हे बरंच झालं. या घरात तुम्ही पहिल्यापासून सगळ्यात उजव्याच. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात माझं कपाट तुम्ही नव्याने लावून दिलं होतंत, कारण मी साड्या चुकीच्या बाजूने घडी करत होते. तेव्हाही मी काही बोलले नव्हते.

तुमची धाकटी


२ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझा राग गेला हे वाचून फार बरं वाटलं. यांना पत्र दाखवलं, तेही म्हणाले की धाकटी मनाने मोकळी आहे.

बस ठरवली आहे. सभागृहात मोठा पडदा आहे, प्रत्येक बाकावर पडद्याला जोडलेला एक टॅब्लेट ठेवणार आहोत. मुलांचे गणवेश इस्त्रीचे असू देत. समितीत एक बाई फार कडक आहेत, चपलांपासून बघतात.

एक शंका आहे. चौथ्या चित्राखालचा पाचवा प्रश्न, “या रस्त्यावरच्या सगळ्या माणसांत सारखं काय आहे?” चित्रात शिंपी कापड कापतोय, न्हावी दाढी करतोय, भाजीवाली तराजू धरून उभी आहे, सायकलवाला चाकावर हातोडी मारतोय. मी उत्तर छापलंय, “सगळी माणसं आपापल्या कामात मग्न आहेत. यातून श्रमप्रतिष्ठेचं मूल्य रुजतं.” तुझ्या मनात हेच होतं ना?

तुझी मोठी जाऊ


८ ऑगस्ट

ती. सौ. वहिनींस,

नमस्कार. उत्तर तुम्ही छापून मोकळ्या झालात, आता मला कशाला विचारता? पुस्तिका तुमची आहे. उत्तर मुलांना माहीत आहे.

पुढच्या रांगेत एक मुलगी बसवते. दोन घट्ट वेण्या, बारीक अंगाची. पेन्सिलींचे तुकडे साठवते म्हणून वर्ग तिला खारूताई म्हणतो. फार बोलत नाही, पण बघते फार चांगलं. पाचवा प्रश्न तिला विचारा.

तुमची धाकटी


२२ ऑगस्ट

धाकटे,

आशीर्वाद वगैरे लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

तू मागच्या खुर्चीत होतीस, तू सगळं पाहिलंस, तरी लिहिते, म्हणजे माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुला कळेल. तीन चित्रं उत्तम झाली. समितीतल्या त्या कडक बाईसुद्धा मान डोलावत होत्या. चौथं चित्र लावलं, भिंग फिरवलं, आणि तुझ्या वर्गात कुजबुज सुरू झाली. मी तुझ्या खारूताईला पाचवा प्रश्न विचारला.

ती उभी राहिली आणि म्हणाली, “आता काहीच सारखं नाही. आधी होतं.”

“आधी म्हणजे कधी, बाळ?”

“मागच्या वर्षी. आमच्या बाईंनी दाखवलं तेव्हा. तेव्हा सगळे डावखुरे होते.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, चित्र उलटं झालंय.” मग सगळा वर्गच म्हणायला लागला. मी पाटीकडे बोट दाखवून सांगत होते की बघा, अक्षरं नीट वाचता येतात, म्हणजे हेच सरळ आहे. तर एका पोराने टॅब्लेटवर बोट फिरवलं आणि पडद्यावरचं एवढं मोठं चित्र पालटलं. शिंप्याची कात्री डाव्या हातात गेली, न्हाव्याचा वस्तरा डाव्या हातात गेला, आणि तुझ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. कडक बाईंनी पुस्तिका मिटली आणि मला विचारलं, “हा पाठ या मुलांनी मागच्या वर्षी कुणाकडे केला?”

मी तुझ्याकडे बघितलं. तू मान खाली घालून टॅब्लेटच्या वायरी गुंडाळत होतीस.

पढवून आणलंस मुलांना. शब्द दिला होतास, त्याला काही अर्थ नव्हता. आणि ती पोरगी पुढे बसवलीस. ती पोरगी नव्हती, माझ्यावर भिरकावलेला दगड होता. नेमही चांगला होता तुझा.

पुस्तिका परत मागवतायत. चौकशी लागेल असं म्हणतात. केंद्रप्रमुखपद राहू दे, आहे ती नोकरी राहिली तरी खूप झालं. हे म्हणतात, धाकटीने समितीला एक पत्र लिहावं की पाठ दोघींनी मिळून केला होता आणि समजुतीत काही घोटाळा झाला. घरची गोष्ट घरात मिटेल. सासूबाईंच्या कानावर हे गेलं तर त्यांना सोसणार नाही, याचा तरी विचार कर.


२७ ऑगस्ट

वहिनी,

सासूबाईंच्या कानावर गेलं आहे. मीच सांगितलं. त्यांना सोसलं.

मुलांना मी पढवलं नाही. त्यांना जे दिसलं ते बोलली. मी केलं ते एवढंच की तुम्हाला काही सांगितलं नाही. महिनाभर मला ते फार गोड लागत होतं. भांडी घासताना, पेपर तपासताना मला तुमचा त्या पडद्यासमोरचा चेहरा दिसायचा. प्रत्यक्षात तो मी कल्पना केली होती त्याहून छान पडला होता, हे खोटं कशाला बोलू?

आता चौथ्या चित्राचं ऐका. स्लाइड उलटी गेली ती माझ्या चुकीने, हे तुमचं खरं. मागच्या वर्षी पडद्यावर लावल्यावर माझ्या लक्षात आलं, मधल्या सुट्टीत नीट करू म्हणून तशीच ठेवली. ही मुलगी तेव्हा नवीन होती. आधीच्या शाळेत डाव्या हातावर पट्ट्या खाऊन आली होती, घरीही तेच. वर्गात लिहायची नाही, बोलायची नाही. हात मांडीखाली दाबून बसायची. त्या दिवशी चित्र बघितलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. “बाई, हे सगळे माझ्यासारखे आहेत.” एवढंच म्हणाली. मी फोन पुढे केला, ती त्यात पुन्हा तेच बोलली, स्वतःचा आवाज ऐकला, आणि वहीत लिहिलं. डाव्या हाताने.

म्हणून मी चूक सुधारली नाही. पाचवा प्रश्न त्या चुकीवर बसवला. मग मुलांनीच कोपऱ्यातली पाटी शोधली, चित्र उलटं आहे हे ओळखलं, टॅब्लेटवर फिरवून पाहिलं, आणि चित्रही खोटं बोलू शकतं यावर तासभर भांडली. तरी सगळ्यांनी मिळून ठरवलं की आपल्या वर्गात ते उलटंच लावायचं. तुम्ही एक बटण दाबून ते उजवं केलंत आणि त्या मुलीची सगळी माणसं काढून नेलीत. मला डावललंत ते मी कसंबसं गिळलं असतं.

आणि नंतर काय केलंत ते तुमच्या पत्रात नाही. टाळ्या थांबल्यावर तुम्ही तिला फळ्याजवळ बोलावलंत, “काय म्हणायचंय ते लिहून दाखव.” तिने खडू डाव्या हातात घेतला. तुम्ही तो काढून उजव्या हातात दिलात आणि वरून तिची मूठ दाबून धरलीत. हसत हसत, समितीकडे बघत. मागच्या खुर्चीवरून मला ते स्वच्छ दिसलं. तेव्हा माझ्या हातातल्या वायरी खाली पडल्या.

ती तेव्हापासून बोललेली नाही. फोन पुढे केला की त्यात नुसता पंख्याचा आवाज येतो.

तिला दगड म्हणालात. पुढच्या रांगेत मीच बसवली होती, त्याचं काय ते मी माझं बघेन. तुमचं तुम्हाला भरावं लागेल. समितीला पत्र लिहीन, पण आधी तुम्ही एक पान लिहायचं, तिला. खडू का काढून घेतलात आणि चित्र कुणाचं होतं, ते लिहायचं. सगळं डाव्या हाताने. ओळ सुटली, शाई सांडली, अक्षर गटारातून चालत आल्यासारखं दिसलं तरी चालेल. हात दुखला तर फारच चांगलं. ते पान मी वर्गात पडद्यावर लावणार आहे, तुमच्या आदर्श पाठाइतकंच मोठं करून. मुलं ते चित्रासारखं वाचतील. आधी बघतील, मग बोलतील. त्यांना हसू आलं तर मी थांबवणार नाही.

धाकटी


१५ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,

पान सोबत आहे. हे पत्र उजव्या हाताने लिहिते आहे, कारण आता मला तो सोपा जातो.

तुला वाटलं होतं तसं झालेलं नाही. पान उघडशील तेव्हा कळेल. दुसरीपर्यंत मी डाव्याच हाताने लिहीत होते. मग आमच्या वर्गाच्या बाईंनी तो बाकाच्या पायाला रुमालाने बांधायला सुरुवात केली. रोज सकाळी बांधायच्या, शाळा सुटताना सोडायच्या. माझं अक्षर सुधारलं म्हणून आमच्या घरच्यांनी त्यांना घरी बोलावून त्यांचे आभार मानले. मीसुद्धा मानले. सासरी हे कुणालाच माहीत नाही, यांनाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

चित्र फिरवलं ते पाटीमुळे, असंच मी धरून चालले होते. पण पाटी मी नंतर पाहिली. आधी मला तो शिंपी दिसला होता. बटण दाबायची मला फार घाई झाली होती, एवढं आठवतं.

हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. तुझी दया मला परवडायची नाही. मी चित्रं घेतली, श्रेय घेतलं, ते मी का केलं हे मला नीट माहीत आहे, त्याला लहानपण वगैरे जबाबदार नाही. तू मागितलेलं वेडंवाकडं अक्षर तुला मिळणार नाही, तेवढं कळवायचं होतं.

पान पडद्यावर लाव. मी मागे हटणार नाही.

तुझी मोठी जाऊ


२१ सप्टेंबर

ती. सौ. वहिनींस,

नमस्कार.

समितीला पत्र पाठवलं. तुमचं पान हातात पडलं त्याच सकाळी, ते उघडायच्या आधी पोस्टात टाकलं. दोघींनी मिळून केलं असं त्यात नाही. जे झालं ते लिहिलंय. पत्र लिहीन म्हणाले होते, काय लिहीन ते तुम्ही विचारलं नव्हतंत. पान वाचल्यावर पत्र परत मागवावं असं एकदा मनात आलं. मागवलं नाही. तुमची जागा गेली तर मला वाईट वाटणार नाही, आणि वाटलंच तर तुम्हाला कळवणार नाही.

पान पडद्यावर लावलं. प्रोजेक्टर नेहमीसारखा आधी धूसर ठेवला, म्हणजे आकार दिसतात पण शब्द लागत नाहीत. मी खुर्ची ओढून बसले होते, मुलं हसायची वाट बघत. मुलं बघत राहिली. एक म्हणाला, ओळी सरळ आहेत. एक म्हणाली, अक्षरं मोठी आहेत, गोल गोल. कुणी म्हणालं, मधेमधे डाग पडलेत.

“डाग नाहीत,” खारूताई म्हणाली. महिन्यात पहिल्यांदा. “शाई पुसलीय. डाव्या हाताने लिहिलं की हात शाईवरून जातो. माझीपण पुसते.” मग थोडा वेळ बघून म्हणाली, “हे दुसरीतल्या मुलीने लिहिलंय.”

माझा हात भिंगावर होता. फिरवला असता तर पुढच्या क्षणी सगळा वर्ग तुमचं नाव वाचू शकला असता. एवढ्यासाठीच मी महिनाभर थांबले होते. मी प्रोजेक्टर बंद केला. का केला ते तुम्हाला सांगायला मी बांधील नाही.

शाळा सुटल्यावर ते पान मी तिच्या हातात दिलं. तिने उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं. कुणी लिहिलंय ते कळलं असणार. घडी घालून पेन्सिलींच्या तुकड्यांच्या डबीत ठेवलं. माफ केलं असं काही म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. माझं तर तुम्हाला ठाऊकच आहे.

आज सकाळी मात्र वर्गात शिरताना माझ्याजवळ थांबली. तुमच्यासाठी निरोप आहे, तिच्या शब्दांत देते. “त्यांना सांगा, कागद थोडा तिरका धरायचा. मग शाई पुसत नाही.”

धाकटी